"तिकडं पोट उघडलंच कशाला?" : शल्यशिक्षणाची सूत्रं ज्यांच्या हाती आहेत त्यांना खुलं पत्र

शल्यचिकित्सा विभागांचे प्रमुख, पदव्युत्तर शिक्षक आणि परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका छोट्या शहरात ३१ वर्षं जनरल सर्जन म्हणून काम करतो आहे. तुमच्यापैकी काहींशी माझं फोनवर बोलणं झालेलं आहे. ते बहुतेक वेळा रात्री-अपरात्री, रुग्ण ॲम्ब्युलन्समध्ये चढवल्यानंतर झालं. सवडीनं बोलायची वेळ कधी आलीच नाही. आज एका वाक्यामुळे हे पत्र लिहायला बसलो आहे.

रात्री अकराच्या सुमारास विशीतला एक मुलगा आणला होता. वाहनावरून पडलेला, पांढराफटक. नाडी १४०, वरचं रक्तदाबाचं माप जेमतेम ७०. सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवताच यकृताभोवती काळा पट्टा दिसला. पोटात रक्त साठलं होतं. सगळ्या सोयी असलेलं रुग्णालय आमच्यापासून तीन तासांवर आहे. तीन तास तो टिकला नसता. हाताशी रक्ताच्या दोन पिशव्या होत्या. माझी पत्नी भूलतज्ज्ञ आहे, ती होती. दोन सिस्टर होत्या. एवढ्यावर पोट उघडलं.

उघडताच रक्त कडेवरून खाली आलं. यकृताच्या उजव्या भागाला मोठी फाट होती. फाटीच्या दोन्ही कडा मी दोन तळहातांमध्ये मिटवून दाबून धरल्या आणि तसाच उभा राहिलो. पत्नीला रक्त चढवायला अवधी हवा होता. मग एका हाताची बोटं यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जुडीमागे घालून ती चिमटीत पकडली. ग्लासगोच्या जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी १९०८ साली लिहून ठेवलेली ही युक्ती. धार कमी झाली. तेवढ्यात पत्नी म्हणाली, "अंग गार पडतंय, आणि सुईच्या भोकांतूनही रक्त येतंय." म्हणजे रक्त गोठणं थांबलं होतं. अशा वेळी यकृताला टाके घालत बसलं तर प्रत्येक टाका नवं भोक पाडतो. मी शिवलं नाही. यकृताच्या वर आणि खाली मिळून पाच मॉप, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्या, घट्ट बसवले, फक्त कातडी शिवली, आणि ड्रेसिंगवर मार्करनं ठळक अक्षरांत लिहिलं : "यकृताभोवती ५ मॉप आत आहेत. वेळ रात्री १.४०." सोबत सिस्टर आणि चिठ्ठी देऊन त्याला पुढे पाठवलं.

ही युक्तीसुद्धा माझी नव्हे. अंग गार पडणं, रक्तातलं आम्ल वाढणं आणि रक्त न गोठणं ही तीन संकटं एकमेकांना खतपाणी घालतात. तेव्हा ऑपरेशन पूर्ण करण्याचा हट्ट सोडायचा, रक्तस्राव थांबवायचा, बाहेर पडायचं, आणि रुग्ण सावरला की पुन्हा आत जायचं. या पद्धतीला १९९३ साली फिलाडेल्फियातल्या सर्जननी 'डॅमेज कंट्रोल' हे नाव दिलं. तुमच्या सगळ्या पुस्तकांत ती आहे. परीक्षेत तुम्ही ती विचारताही.

दोन दिवसांनी तिथं त्याचे मॉप काढले, व्यवस्थित पोट बंद केलं, आणि मुलगा वाचला. ज्यांनी ते केलं त्यांचा मी ऋणी आहे. काही आठवड्यांनी वडील त्याला दाखवायला घेऊन आले. तपासून झालं, मुलगा बाहेर गेला, तरी वडील खुर्चीतून उठेनात. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, एक विचारू का? रागावू नका. तिथले एक तरुण डॉक्टर म्हणाले, तिकडं पोट उघडलंच कशाला, सरळ इकडं आणायचं ना. खरंच गरज नव्हती का हो?"

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना पटलंही असावं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला राग त्या तरुण डॉक्टराचा नाही, हे आधीच सांगतो. तो शिकतो आहे. त्याच्या दारात जे पोचतात तेच रुग्ण त्याला दिसतात. वाटेत जे संपतात ते त्याच्या कुठल्याच रजिस्टरात नसतात. आम्हाला मात्र ते दिसतात, कारण मृत्यूचा दाखला घ्यायला नातेवाईक परत आमच्याकडेच येतात. हा अर्धा हिशेब त्यानं कुठून शिकायचा? शिकवणारे तुम्ही आहात. म्हणून पत्र तुम्हाला.

माझं म्हणणं एकच आहे. तुमच्याकडे घडणारा प्रत्येक सर्जन शिक्षणाच्या काळातच काही महिने छोट्या शहरातल्या सर्जनच्या हाताखाली काढू द्या, आणि तो काळ परीक्षेइतकाच महत्त्वाचा माना. सहल म्हणून नको, सेवा म्हणूनही नको. शिक्षण म्हणून हवा. कारण इथं जे शिकायला मिळतं ते तुमच्या मोठ्या विभागात शिकवता येणं अवघड आहे. तुमची कुवत कमी आहे असं नाही. तुमच्याकडे शेजारच्या खोलीत नेहमी कुणीतरी असतं.

एक उदाहरण देतो. अडकलेला हर्निया. पहाटेची वेळ, म्हातारे गृहस्थ, दोन दिवस दुखणं अंगावर काढलेलं. पिशवी उघडली की आत आतड्याचं वेटोळं, जांभळ्यावर काळं. फास सैल करायचा, वेटोळ्यावर कोमट सलाईनमध्ये भिजवलेले मॉप ठेवायचे, पत्नीला ऑक्सिजन वाढवायला सांगायचं आणि थांबायचं. घड्याळात दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, कुणी बोलत नाही. मॉप उचलायचा मोह होतो, उचलायचा नाही. मग बघायचं : तुकतुकी परत आली का? जांभळा रंग गुलाबीकडे सरकतोय का? आतड्याच्या मुळाशी असलेली बारीक धमनी उडतेय का? बोटानं हलकेच टिचकी मारली तर आळी सरकावी तशी लाट जातेय का? लाट गेली तर आतडं परत आत. नाही गेली तर कापून जोडायचं. आणि बहुतेक वेळा उत्तर या दोन्हींच्या मधलं असतं. वेटोळ्याचा मोठा भाग उजळतो आणि रुपयाएवढा एक डाग तसाच राहतो. त्या डागाचं काय करायचं हे पुस्तकात असतं. पण पहाटे चार वाजता, वरिष्ठ कुणी नसताना, हृदय अशक्त असलेल्या माणसाच्या बाबतीत ते ठरवण्याची सवय पुस्तकातून लागत नाही. ती कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच लागते.

ही अशी उभं राहण्याची जागा आम्ही देऊ शकतो.

तुमचे विद्यार्थी हुशार आहेत. दुर्बिणीतून त्यांचे हात आमच्यापेक्षा सफाईनं चालतात, हे मी पाहिलं आहे. पण पोट उघडून काढलेलं पित्ताशय त्यांनी फारसं पाहिलेलं नसतं. सुजलेलं, दगडासारखं घट्ट, भोवतालच्या सगळ्याला चिकटलेलं पित्ताशय समोर आलं की प्रश्न कौशल्याचा राहत नाही. स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली जी खूण पक्की करून दिली, पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी स्वच्छ दिसल्याशिवाय काही कापायचं नाही, ती खूण दिसत नसेल तर थांबता आलं पाहिजे. पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवून, नळी टाकून बाहेर पडता आलं पाहिजे. तुमच्याकडे अशा वेळी सरांना बोलावतात. आमच्याकडे बोलवायला कुणी नसतं. थांबणं हेच तिथं सरांचं काम करतं. पित्तनलिका कापली गेली तर त्या माणसाचं पुढचं आयुष्य बदलतं, आणि तो माणूस मला आठवड्यातून दोनदा रस्त्यात भेटणार असतो.

रस्त्यात भेटणं हा आमच्या कामाचा भाग आहे. तुमच्याकडे रुग्ण घरी गेला की फाईल बंद होते. माझे रुग्ण माझ्यासमोरून चालत जातात. कोण लंगडतोय, कोण पोटावर हात ठेवून चालतोय, कुणाचा हर्निया पुन्हा आलाय, हे मला न विचारता कळतं.

एक मृत्यू सांगतो, कारण त्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. पूर्वी ऑपरेशन झालेले एक वयस्कर गृहस्थ आतड्याला अडथळा होऊन आले. चिकटलेल्या आतड्यामुळे होणारा असा अडथळा नाकातून नळी आणि सलाईन यांवर बऱ्याचदा सुटतो. पोट मऊ होतं. मी थांबायचं ठरवलं, आणि ते संध्याकाळपर्यंत योग्यच होतं. रात्री नाडी ९० वरून ११० वर गेली. सिस्टरनं फोन केला. मी म्हणालो, दुखत असेल, वेदनाशामक द्या, सकाळी बघू. सकाळी पोट उघडलं तेव्हा आतड्याचा मोठा भाग काळा पडला होता. चौथ्या दिवशी ते गेले. त्यांच्या मुलीनं विचारलं, "रात्रीच ऑपरेशन केलं असतं तर?" मी म्हणालो, "कदाचित वाचले असते. निर्णय माझा होता आणि तो चुकला." ती काही न बोलता गेली. दोन वर्षांनी ती आपल्या मुलाचं पोट दुखतं म्हणून त्याला घेऊन माझ्याकडेच आली. का आली हे मी विचारलं नाही. त्या मृत्यूनंतर आजवर अडथळ्याच्या प्रत्येक रुग्णाचा नाडीचा तक्ता मी रात्री स्वतः उठून पाहिला आहे.

अशा मृत्यूंवर बोलायला तुमच्याकडे दर आठवड्याला बैठक भरते. आमच्याकडे घरी परतताना गाडीत पत्नीशी बोलणं एवढंच असतं. म्हणून एक मागणी अगदी साधी आहे : मृत्यू-आढाव्याच्या तुमच्या बैठकीत आम्हाला व्हिडिओवरून बसू द्या. आम्ही आमचे रुग्णही मांडू. आमच्या चुका ऐकून तुमचे विद्यार्थी शहाणे होतील आणि तुमच्या ऐकून आम्ही.

आणि पाठवलेल्या रुग्णाचं काय झालं ते कळवत जा. दोन ओळी पुरेत. मी वाचलेल्या-गेलेल्या रुग्णांची चौकशी नातेवाइकांकडून करतो, आणि मग "कशाला उघडलं" असं कानावर येतं. मॉप बरोबर बसले होते का, चिमटीत धरलेल्या वाहिन्यांना काही इजा झाली होती का, हे मला कुणी सांगितलं नाही. पुढच्या वेळी जास्त चांगलं करायला मला तेच हवं होतं.

काहींना वाटत असेल की आमच्याकडून शिकण्यासारखं ते काय. डिसेंबर १८०९ मध्ये केंटकीतल्या डॅनव्हिल या लहानशा गावात एफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड यांच्या पोटातून अंडाशयाची सुमारे दहा किलोंची गाठ काढली. बाई सुमारे १०० किलोमीटर घोड्यावरून आल्या होत्या. भूल अजून यायची होती, जंतूंची कल्पना तर त्याहूनही पुढची. अर्ध्या तासाच्या आत ऑपरेशन संपलं. बाई बऱ्या होऊन घरी गेल्या आणि पुढे ३० हून अधिक वर्षं जगल्या. भूल आली तीही आधी लहान गावातच : जॉर्जियातल्या जेफरसनमध्ये ३० मार्च १८४२ रोजी क्रॉफर्ड लाँग यांनी ईथर हुंगायला देऊन एका तरुणाच्या मानेवरची गाठ काढली. पण त्यांनी ते छापलं १८४९ मध्ये. तोवर १६ ऑक्टोबर १८४६ चं विल्यम मॉर्टन यांचं बोस्टनमधलं ईथरचं प्रात्यक्षिक जगभर गाजलं होतं. आम्ही आमचं काम लिहून ठेवत नाही हा आमचा दोष, तो मान्य करतो. माझ्याकडे ३१ वर्षांची ऑपरेशनची रजिस्टरं आहेत आणि त्यातलं एक पानही मी छापलेलं नाही. तुमचा विद्यार्थी इथं आला तर त्याच्या प्रबंधाचा विषय त्या कपाटात पडून आहे.

आणि ज्या शस्त्रक्रियेवर आजचा प्रत्येक सर्जन वाढला आहे, ती दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया १२ सप्टेंबर १९८५ रोजी एरिख म्यूहे यांनी पहिल्यांदा केली, ती ब्योब्लिंगेन या जर्मनीतल्या छोट्या शहराच्या रुग्णालयात. पुढच्या वर्षी त्यांनी ती जर्मन सर्जनांच्या परिषदेत मांडली तेव्हा त्यांची टर उडवली गेली. त्याच संस्थेनं १९९२ साली त्यांचा गौरव केला. मधली वर्षं त्या माणसानं कशी काढली असतील याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

आता अभ्यासक्रमाकडे येतो. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शल्यचिकित्सा आयोगानं सांगितलं की जगातल्या ५०० कोटी माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल वेळेवर मिळत नाही. कुठलंही प्राथमिक पातळीचं रुग्णालय सक्षम आहे की नाही हे ओळखायला त्यांनी तीन शस्त्रक्रियांची कसोटी दिली : सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया, आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरवरचा उपचार. माणूस दोन तासांत अशा ठिकाणी पोचला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं आहे. आता तुमच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा, या तिन्हींपैकी एकट्यानं किती करशील? बहुतेक जण एकच म्हणतील, आणि खरं बोलणारे तेही थोडं थांबून म्हणतील. एकेका अवयवाचे तज्ज्ञ हवेतच, मला रुग्ण पाठवायचा असतो तेव्हा मी त्यांनाच शोधतो. पण तिथवर रुग्ण जिवंत पोचवणारा माणूसही कुणीतरी घडवावा लागतो. उघडी जखम धुऊन हाड बाहेरून सळ्यांनी स्थिर करणं, अडलेल्या बाईचं सिझेरियन, डोक्यात साठत चाललेल्या रक्ताचा मेंदूवरचा दाब कवटीला भोक पाडून कमी करणं, पीळ पडलेलं मुलाचं वृषण सहा तासांच्या आत सोडवणं. ही कामं 'आमच्या विषयात येत नाहीत' असं म्हणण्याची मुभा छोट्या शहरात नसते.

परीक्षेत रुग्ण मांडता तेव्हा विद्यार्थी फडाफडा तपासण्या सांगतो : सीटी, एमआरआय, अमुक मार्कर. एकदा त्याला म्हणा, यातलं काहीच नाही, एक्स-रे आहे आणि तुझा हात आहे, आता सांग. पोट फळीसारखं कडक, उभ्यानं काढलेल्या छातीच्या एक्स-रेत छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली हवेची चंद्रकोर. एवढ्यावर जठराला भोक पडल्याचं ओळखून ऑपरेशनला निघायची हिंमत त्याच्यात आहे का? आणि निघायच्या आधी सलाईन देऊन, लघवीची धार सुरू होईतो दोन तास थांबायचा संयम आहे का? दोन्हींना गुण द्या.

सुश्रुतानं शिष्याला आधी भोपळा, काकडी यांवर छेद घ्यायला आणि पाण्या-चिखलानं भरलेल्या पिशव्या फोडायला लावलं, कारण ग्रंथ पाठ असून हात तयार होत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. तुमच्याकडे आज त्यासाठी महागडी सिम्युलेटर आहेत, फार चांगली गोष्ट आहे. पण एकटेपणाचं सिम्युलेटर अजून कुणी बनवलेलं नाही. त्यासाठी इथंच यावं लागेल.

आमच्या घराबद्दल फार लिहीत नाही. मुलगी लहान असताना रात्री दोघांनाही ओटीत जावं लागायचं, तेव्हा तिला उचलून वरच्या मजल्यावरच्या खोलीत झोपवायचो आणि एक सिस्टर दर अर्ध्या तासानं डोकावून यायची. मुलगी आज डॉक्टर आहे, पण सर्जन नाही. तिला का व्हायचं नव्हतं हे मला समजतं. सलग चार दिवस शहर सोडता आलं अशा सुट्ट्या मी बोटांवर मोजू शकतो. जिथं दोन सर्जन हवेत तिथं एक असतो आणि तो म्हातारा होत चालला आहे. मी साठीकडे झुकलो आहे, रात्री तीन वाजता पूर्वीसारखे गुडघे साथ देत नाहीत, आणि माझ्यामागे इथं येऊन राहील असं अजून कुणी दिसत नाही. जे इथं कधी आलेच नाहीत ते राहायला येतील कसे?

म्हणून पुढच्या सत्रापासून एक निवासी डॉक्टर पाठवा. मंजुरी, करार, भत्ता यांचं काय करायचं ते आपण बसून ठरवू, त्यासाठी मी तुमच्या विभागात यायला तयार आहे. वरची खोली रिकामी आहे. पहिला आठवडा मी त्याच्या हातात चाकू देणार नाही. रात्री उठून नाड्या मोजायला लावीन, नातेवाइकांशी बोलताना शेजारी बसवीन, रक्त कुठून आणि किती वेळात येतं ते चालत जाऊन बघायला सांगीन. मग कोमट मॉपची ती दहा मिनिटं त्याच्या हातात देईन आणि मी गप्प राहीन.

त्या मुलाच्या वडिलांशी बोललेला तरुण डॉक्टर कोण होता हे मला माहीत नाही, मी चौकशीही केलेली नाही. पण तुमच्यापैकी कुणाला तो ओळखू आला, तर पहिल्यांदा त्यालाच पाठवा. त्याला बोल लावायचा नाही. एक रात्र त्याच्याबरोबर काम करायचं आहे.

आपला,
छोट्या शहरातला एक जनरल सर्जन